मुक्या ताऱ्यांची रोजकीर्द

१८५५ सालच्या डिसेंबर महिन्याच्या १५ तारखेस, लंडनच्या रीजंट्स पार्कमधील जॉर्ज बिशप या धनिकाच्या खाजगी वेधशाळेत जॉन रसेल हिंड हे मिथुन राशीतील बारीकसारीक ताऱ्यांची झडती घेत असता, पूर्वीच्या वेधांत ज्या जागी त्यांनी काहीच नोंदलेले नव्हते, त्या जागी त्यांना नवव्या प्रतीचा एक निळसर तारा दिसला. हिंड यांचा खरा व्यासंग लघुग्रह हुडकण्याचा. अनोळखी ठिपका आढळला की तो रात्रीगणिक सरकतो की नाही ते पाहावयाचे, आणि सरकला तर एक नवा लघुग्रह आपल्या नावे जमा करावयाचा, असा त्यांचा शिरस्ता होता. हा ठिपका सरकला नाही. तो जागच्या जागी राहून थोड्याच दिवसांत विझला. नवतारा म्हणून त्याची नोंद करून हिंड यांनी त्याचे दफ्तर बांधून ठेवले असते तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु पुढल्याच मार्च महिन्यात ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेतील नॉर्मन पॉगसन यांना तो त्याच स्थळी पुन्हा तेवताना आढळला, आणि मेलेला म्हणून गणलेला तारा सव्वातीन महिन्यांत परत येतो हे पाहून ज्योतिष्यांना आपल्या वर्गवारीत एक नवे खाते उघडणे भाग पडले.

हे पॉगसन पुढे १८६१ साली सरकारी ज्योतिषी म्हणून मद्रासेस आले आणि मरेपर्यंत, म्हणजे १८९१ पर्यंत, तेथेच राहिले. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजाचा शंभरपट फरक, हे माप त्यांनीच बसवून दिले, व तेच आजही चालते. त्यांच्या हाताखालील चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ साली जाल तारकासमूहातील एका रूपविकारी ताऱ्याचा शोध लावला, हेही येथे जाता जाता सांगून ठेवावयास हरकत नाही. कारण ताऱ्यांच्या तेजाची वही लिहिणे हा उद्योग या देशाला अगदीच अपरिचित नव्हता, एवढे त्यावरून दिसून येते.

विझून पुन्हा उजळणाऱ्या ताऱ्यांच्या या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध तारा मात्र मिथुनेतील नव्हे. हार्वर्ड वेधशाळेत आकाशाची छायाचित्रे काचेच्या पट्ट्यांवर घेतली जात, आणि त्या पट्ट्या भिंगाखाली धरून तारा ताऱ्याशी ताडून पाहण्याचे डोळेफोडीचे काम अल्प वेतनावर नेमलेल्या स्त्रिया करीत. त्यांपैकी लुईसा वेल्स यांना १८९६ साली हंस तारकासमूहात एक तारा असा आढळला की जो एरवी बाराव्या प्रतीच्या आसपास मिणमिणत असतो, आणि सरासरी सात आठवड्यांनी एकाएकी आठव्या प्रतीपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस पटींनी, उजळतो. ‘एसएस सिग्नी’ या नावाने तो ज्योतिषाच्या दफ्तरात दाखल झाला. उजळण्याची मुदत साधारणपणे ठाऊक असली तरी नेमका दिवस ठाऊक नाही, अशा या लहरी ताऱ्यावर अखंड पहारा ठेवावयाचा तर मोठ्या वेधशाळांची महागडी दुर्बीण त्यासाठी अडकवून ठेवणे परवडण्याजोगे नव्हते. हे काम घराच्या अंगणात छोटी दुर्बीण मांडून बसणाऱ्या हौशी माणसांचेच. १९११ साली कनेक्टिकटमधील विल्यम टायलर ऑल्कॉट या वकिलांनी अशा हौशी मंडळींची ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स’ ही संस्था स्थापिली, आणि तेव्हापासून देशोदेशीचे शिक्षक, डॉक्टर, शेतकरी, कारकून आपापल्या रात्रींचे टाचण तिच्याकडे पाठवीत आले आहेत. एसएस सिग्नीचा एकही उद्रेक या मंडळींच्या नजरेतून निसटला नाही, असे मानले जाते. एका ताऱ्याची शंभर वर्षांहून अधिक काळाची रोजकीर्द कोणत्याही राजसत्तेच्या फर्मानाखेरीज, केवळ हौसेच्या बळावर लिहिली जावी, ही गोष्ट आमच्या मते त्या ताऱ्याइतकीच आश्चर्याची आहे.

या पहारेकऱ्यांच्या स्वभावाची ओळख एका उदाहरणाने पटेल. ओहायोतील डेल्फॉस गावचे लेस्ली पेल्टियर यांनी पोरवयात शेतातील स्ट्रॉबेरी खुडून मिळविलेल्या १८ डॉलरांत आपली पहिली दुर्बीण घेतली. १८६६ साली भडकून नंतर निपचित पडलेल्या उत्तर मुकुटातील एका ताऱ्यावर त्यांनी १९२० पासून पंचवीस वर्षे नजर ठेवली होती. १९४६ च्या फेब्रुवारीत एका पहाटे ते गजर लावून उठले, अंगात सर्दीची कणकण जाणवली म्हणून पुन्हा पांघरुणात शिरले, आणि त्याच रात्री तो तारा ऐंशी वर्षांच्या झोपेतून जागा झाला. चूक आपलीच हे कबूल करूनही त्या ताऱ्याशी आपला पूर्वीचा स्नेह उरला नाही, अशी तक्रार त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदविली आहे. रुसवा धरावा तो ताऱ्यावर, अशी ही माणसे.

हे तारे असे का वागतात, याची कैफियत लागावयास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. १९३४ साली शौरी तारकासमूहात दिसलेल्या नवताऱ्याला ४ तास ३९ मिनिटांनी ग्रहण लागते, अर्थात तो एक नसून दोन तारे आहेत, हे मर्ल वॉकर यांनी १९५४ साली दाखविले. एसएस सिग्नीच्या वर्णपटातही दोघांच्या खुणा आल्फ्रेड जॉय यांना १९५६ साली स्पष्ट मिळाल्या. आणि रॉबर्ट क्राफ्ट यांनी पुढील काही वर्षांत एकामागून एक ताऱ्यांची तपासणी करून हा सर्व वर्गच युग्मताऱ्यांचा असावा, असा निवाडा दिला. या युग्मातील एक तारा सामान्य, तांबूस, थोराड आकाराचा. दुसरा श्वेतबटू, म्हणजे आकाराने पृथ्वीसारखा आणि वस्तुमानाने सूर्याच्या जवळपास जाणारा, इंधन संपलेल्या ताऱ्याचा घट्ट गाभा. एसएस सिग्नीत हे दोघे एकमेकांभोवती साडेसहा तासांत फिरतात, आणि त्यांच्यामधील अंतर सूर्याच्या एका व्यासाएवढेच आहे. अशा निकट सहवासात थोराड कुळाच्या अंगावरचा वायू या ठेंगण्या सावकाराच्या घरी वाहत जातो, पण तो थेट तिजोरीत पडत नाही. फिरतीच्या वेगामुळे तो प्रथम श्वेतबटूभोवती चकतीच्या रूपाने साठतो. चकती थंड असेतो वायू तीत तुंबून राहतो; ती पुरेशी भरून तापली की तिची चिकटण वाढते आणि तुंबलेला सारा ऐवज थोड्या दिवसांत आत कोसळतो. हीच ती सात आठवड्यांनी होणारी वसुली; तिचे हे गणित जपानचे योजी ओसाकी यांनी १९७४ साली मांडले. श्वेतबटूच्या पृष्ठावर साचलेल्या हायड्रोजनाचा मात्र कधीकाळी अणुकेंद्रीय भडका उडतो, आणि तो खरा नवतारा होय.

येथवरचा इतिहास डोळ्यांचा. कानांचा इतिहास १९३३ साली सुरू झाला, जेव्हा न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेच्या कार्ल जान्स्की यांनी दूरध्वनीतील खरखरीचा माग काढता काढता आकाशगंगेच्या मध्याकडून येणाऱ्या रेडिओ तरंगांचा छडा लावला. त्यांच्या स्मरणार्थ रेडिओ तेजाच्या एककाला जान्स्की हे नाव दिले आहे, आणि ते एकक इतके सूक्ष्म आहे की एक चौरस मीटर क्षेत्रावर एका हर्ट्झमागे पडणारी एक वॅट शक्ती एकावर सव्वीस शून्ये देऊन भागली म्हणजे एक जान्स्की होतो. वायूंचे प्रचंड मेघ, दूरच्या दीर्घिका यांचे आवाज या नव्या कानांना लवकर ऐकू आले. एकेकटे तारे मात्र सूर्याचा अपवाद वगळता बहुतांशी मुकेच राहिले. क्षणभर भडकणाऱ्या तांबड्या ताऱ्यांचा रेडिओ आवाज ऐकण्यासाठी जोड्रेल बँकच्या बर्नार्ड लव्हेल यांनी साठीच्या दशकारंभी एक युक्ती योजिली; रेडिओ दुर्बिणीच्या बरोबरीने त्याच ताऱ्यावर छायाचित्रणाचे कॅमेरे रोखून धरले, आणि प्रकाशाचा भडका व रेडिओचा भडका एकाच घटिकेस पडतात काय ते ताडून पाहिले. कानाला डोळ्याची साक्ष लागते, हा या शास्त्राचा पहिला धडा होय, आणि श्वेतबटूंच्या बाबतीत तो पुन्हा पुन्हा गिरवावा लागला.

१९७० साली अमेरिकेतील ग्रीन बँक येथे कॅम्पबेल वेड आणि रॉबर्ट जेल्मिंग यांनी प्रथमच दोन नवताऱ्यांचे रेडिओ तरंग टिपले. त्यांतील एक धनिष्ठेचा, १९६७ च्या जुलैत इंग्लंडमधील जॉर्ज अ‍ॅल्कॉक या शाळामास्तरांनी द्विनेत्री दुर्बिणीने शोधलेला. दुसरा भुजंगाचा, १९७० सालीच जपानच्या मिनोरू होंडा यांनी दाखविलेला. दोन्ही हौशी हातांचे. पहिला तारा भडकून तीन वर्षे लोटली होती, तरी त्याचा आवाज अजून येत होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे; कारण नवताऱ्याने फेकलेले वायूचे कवच आरंभी रेडिओ तरंगांना अपारदर्शक असते, ते पसरत जाते तसतसा त्याचा रेडिओ उजेड वाढतो, आणि प्रकाशाने पाहणाऱ्याच्या लेखी सारा तमाशा आटोपल्यावर रेडिओने ऐकणाऱ्याचा प्रयोग रंगात येतो. हा आवाज तप्त वायूचा, म्हणजे साध्या उष्णतेचा. १९०१ साली ययाती तारकासमूहात भडकलेल्या नवताऱ्याच्या अवशेषातून निराळाच आवाज येतो असे स्टीफन रेनल्ड्स व रॉजर शेव्हालिए यांनी १९८४ साली दाखविले. तो चुंबकीय रेषांभोवती प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने घिरट्या घालणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा, ज्याला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात तो होता.

ज्या युग्मांतील श्वेतबटू प्रबळ चुंबक असतो, त्यांचा प्रपंच स्वतंत्र आहे. तेथे वायूला चकती करून बसण्याची मुभाच मिळत नाही. चुंबकीय रेषांच्या नाल्यांतून तो सरळ ध्रुवांवर ओतला जातो. शौरीमधील ‘एएम हर्क्युलिस’ या अशा ताऱ्याचे रेडिओ तरंग १९८२ साली न्यू मेक्सिकोतील व्हेरी लार्ज अ‍ॅरे या दुर्बीणमालिकेवर गणेशर चन्मुगम आणि जॉर्ज डल्क यांनी मिळविले, आणि पुढल्या वर्षी त्याचा एक असा लखलखाट नोंदला गेला की ज्यातील तरंग जवळजवळ पूर्णपणे एकाच दिशेने वळसे घेणारे होते. सुसंघटित इलेक्ट्रॉनांच्या एकतानतेवाचून असे घडत नाही. कुंभेतील ‘एई अ‍ॅक्वेरी’ तर याहून चमत्कारिक. तेथील श्वेतबटू ३३ सेकंदांत स्वतःभोवती एक फेरा मारतो आणि आलेल्या वायूचा स्वीकार करण्याऐवजी गोफणीतून धोंडे भिरकावावेत तसा तो बाहेर भिरकावून देतो. अशा फेकाफेकीत आवाज निघणारच, आणि तो १९८७ पासून नोंदविला गेला आहे.

प्रश्न उरला तो साध्या, चुंबकाचा बडेजाव नसलेल्या, एसएस सिग्नीसारख्या ताऱ्यांचा. १९८३ साली जर्मनीतील एफेल्सबर्गच्या १०० मीटर व्यासाच्या तबकडीने सप्तर्षींतील एका अशा ताऱ्याच्या उद्रेकाच्या वेळी क्षीण तरंग टिपल्याचे आर्नोल्ड बेंझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले. परंतु त्यानंतर इतरांनी केलेल्या बहुतेक शोधांच्या पदरी काही पडले नाही, आणि हळूहळू असे मत रूढ झाले की हे तारे रेडिओला मुके आहेत. या मताला एक मोठा सैद्धान्तिक अर्थही चिकटला होता. कृष्णविवरे असोत, न्यूट्रॉन तारे असोत, की नुकतेच जन्मलेले तारे असोत, ज्यांच्याभोवती वायूची चकती आहे ते बहुतेक सारे आपल्या अक्षाच्या दिशेने वायूचे झोत सोडतात, आणि त्या झोतांतूनच त्यांचे रेडिओ तरंग येतात. मग श्वेतबटूंनीच काय घोडे मारले, की चकती असून झोत नाहीत? २००४ साली यावर, हे झोत का नाहीत असाच प्रश्न करणारा एक निबंध प्रसिद्ध झाला. आता मागे वळून पाहिले तर असे दिसते की या ताऱ्यांना बोलावयास लावण्याची गरज नव्हती. ते बोलत असता आपण दारात हजर असणे तेवढे पुरे होते.

ही हजेरी एल्मार कोर्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधली. कृष्णविवरांच्या युग्मांत रेडिओचा भर उद्रेकाच्या अगदी आरंभी येतो व लवकर ओसरतो, त्या अर्थी श्वेतबटूंतही तसेच घडत असावे, आणि आजवरच्या मंडळींनी तारा पूर्ण उजळल्यावर, म्हणजे वेळ टळून गेल्यावर, कान लावला असावा, असा त्यांचा तर्क होता. एप्रिल २००७ मध्ये हौशी पहारेकऱ्यांनी एसएस सिग्नी उजळू लागल्याची वर्दी देताच रेडिओ दुर्बिणी त्यावर वळविल्या गेल्या, आणि सुमारे एक सहस्रांश जान्स्कीपर्यंत चढून खाली उतरलेला एक भडका हाती आला. २००८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात तो झोताचा पुरावा म्हणून प्रसिद्ध झाला.

या आवाजाचा उपयोग लगेच एका जुन्या तंट्यात झाला, आणि आमच्या दृष्टीने हाच या साऱ्या बखरीतील रसाळ भाग होय. हबल दुर्बिणीच्या मोजणीप्रमाणे एसएस सिग्नी १५९ पार्सेकांवर, म्हणजे सुमारे ५२० प्रकाशवर्षांवर असल्याचे ठरले होते. हे अंतर खरे धरले तर तारा मूळचा फार तेजस्वी ठरतो. तेवढे तेज येण्यासाठी चकतीत एवढा वायू सतत ओतला जावा लागेल की ती थंड होण्यास सवडच मिळू नये आणि तारा बारमाही उजळलेलाच राहावा. म्हणजे या वर्गातील सर्वांत अधिक पाहिलेला तारा ओसाकींच्या गणिताबाहेर पडत होता, आणि एक तर गणित चुकले किंवा मोजणी चुकली, याखेरीज तिसरी वाट नव्हती. पर्थच्या कर्टिन विद्यापीठातील जेम्स मिलर-जोन्स यांनी मोजणीची फेरतपासणी मागितली. खंडोखंडी विखुरलेल्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून, पृथ्वी सूर्याभोवती फिरत असता या ताऱ्याचे स्थान अतिदूरच्या एका दीर्घिकेच्या मानाने किती हलते, हे पाहण्याचा त्यांचा बेत होता. अडचण अशी की तारा रेडिओने दिसतो तो फक्त उद्रेकातील थोडे दिवस, आणि उद्रेक पृथ्वीच्या सोयीने होत नाहीत. म्हणून २०१० ते २०१२ या काळात पुन्हा त्याच जुन्या मंडळींना साद घातली गेली. कोणी अंगणातून, कोणी गच्चीवरून तारा चढू लागल्याचे कळवावे, आणि त्यासरशी अमेरिका व युरोपातील तबकड्यांनी आपल्या माना वळवाव्यात, असा हा कारभार चालला. हे हलणे, म्हणजे ताऱ्याचा पराशय, ८.८ सहस्रांश विकला इतका निघाला. पुण्यात उभे राहून नागपुरातील एखाद्या रुपयाच्या नाण्याचा व्यास मोजावा, असे हे काम. त्यावरून अंतर ११४ पार्सेक, म्हणजे सुमारे ३७० प्रकाशवर्षे ठरले. गणित बिनधोक राहिले, मोजणी रद्द झाली. आणि पाच वर्षांनी गाइया या उपग्रहाने स्वतंत्रपणे काढलेले अंतरही जवळजवळ तेवढेच निघाले.

या इतिहासात आपल्या मुलखाचाही एक दाखला आहे. ऑस्ट्रेलियाकडून भेटीदाखल मिळालेल्या ३२ लहान तबकड्या कल्याणला मांडून सूर्याचे रेडिओ वेध घेण्याची सुरुवात गोविंद स्वरूप यांनी १९६५ साली केली. पुढे उटकमंडची लांबलचक दुर्बीण उभी राहिली. आणि नव्वदीच्या दशकात जुन्नर तालुक्यातील खोडदच्या माळावर ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आकारास आली. नारायणगावाहून त्या वाटेने जाताना द्राक्षांच्या मळ्यांपलीकडे या जाळीदार तबकड्या एकाएकी नजरेस पडतात, आणि त्यांच्या आरपार आकाश दिसत असल्यामुळे एवढ्या अवाढव्य वस्तू हलक्याफुलक्या वाटतात. लांब तरंग ऐकणे हा या दुर्बिणीचा विशेष. भुजंगधारीतील ‘आरएस ओफियुकी’ हा पुन्हा पुन्हा भडकणारा नवतारा, ज्यातील श्वेतबटूला तांबड्या राक्षसी ताऱ्याच्या वाऱ्यातून वायू मिळतो, १२ फेब्रुवारी २००६ रोजी भडकला. निमिषा कंथारिया, जी. सी. अनुपमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना विसाव्या दिवशी ६१० मेगाहर्ट्झवर आणि अडतिसाव्या दिवशी ३२५ मेगाहर्ट्झवर त्याचा आवाज खोडदला मिळाला. इतक्या कमी कंप्रतेवर तो त्यापूर्वी कोणासही मिळाला नव्हता. १९८५ च्या उद्रेकात तो ६६ व्या दिवशीही तेवढ्या कंप्रतेवर आढळला नव्हता. आवाज बदलला नव्हता, मधला पडदा विरळ झाला होता. राक्षसी ताऱ्याच्या वाऱ्याची दाटी या खेपेस आधीच्या मानाने सुमारे ३० टक्केच असावी, असा हिशेब त्यांनी त्यावरून काढला.

न्यू मेक्सिकोची दुर्बीणमालिका नव्या यंत्रसामग्रीने सज्ज होऊन २०१२ साली जान्स्कींच्या नावाने पुन्हा रुजू झाली, तेव्हा डीअ‍ॅन कोपेजान्स आणि सहकाऱ्यांनी एसएस सिग्नीच्या बिरादरीतील पाच तारे निवडले, हौशी मंडळींच्या वर्दीवर विसंबून प्रत्येकाचा उद्रेक गाठला, आणि पाचांचेही तरंग त्यांना मिळाले. ते जान्स्कीच्या लक्षांशांत मोजावे लागतील इतके क्षीण होते, म्हणून जुन्या दुर्बिणींना ते मिळाले नसते तर नवल नव्हते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या यादीत मिथुनेतील तो निळसर ताराही आहे, जो रीजंट्स पार्कातून हिंड यांना दिसला होता.